विषय : पालीची अंडी

फॉर्म हिंदीत होता आणि माझं हिंदी तेव्हा जेमतेम भाजीवाल्यापुरतं होतं. साताऱ्याहून लग्न होऊन भोपाळला आले त्याला दीड वर्ष झालं होतं. यांची नोकरी मोठ्या सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात. सोनागिरीच्या बाजूला टाउनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि घरात आम्ही तिघं: हे, मी आणि सासूबाई. टाउनशिपच्या कल्याण केंद्रात मोठ्या माणसांसाठी वर्ग चालायचे. शिवण, टंकलेखन, इंग्रजी संभाषण आणि सगळ्यांत खाली 'प्राकृतिक इतिहास व्याख्यानमाला, केवल वयस्कों के लिए'.

ते 'केवल वयस्कों के लिए' वाचून यांनी भुवया उंचावल्या. मी मात्र 'इतिहास' एवढाच शब्द बघितला. शाळेत इतिहास माझा सर्वांत आवडता विषय. प्राकृतिक म्हणजे काय ते नीट कळलं नाही. प्राकृत भाषेतला असेल, शिलालेख वगैरे, असं मी धरून चालले आणि खूण केली.

पहिलं व्याख्यान होळीनंतरच्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता होतं. मी वही, दोन रंगांची पेनं आणि चांगली साडी अशा तयारीनं गेले. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. थोड्या वेळानं एक किडकिडीत गृहस्थ आले. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते ते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, कोटरा सुल्तानाबादहून, दोन मिनीबस बदलून यायचे. त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. बरणीत माती होती. मला वाटलं, उत्खननाची. एवढ्यात माती हलली.

"आज हम केंचुए के पेट की बात करेंगे," सर म्हणाले.

गांडुळाच्या पोटाविषयी ते चाळीस मिनिटं बोलले. मी चाळीस मिनिटं इतिहास कधी सुरू होतोय याची वाट बघत होते. माझ्या शेजारी एक निवृत्त फोरमन बसले होते, भरघोस पांढऱ्या मिशांचे. शेवटी तेच माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बहनजी, राजा भोज कब आएँगे?"

व्याख्यान संपल्यावर सरांनी बरणीचं झाकण लावलं आणि विचारलं, "गलती से कौन-कौन आया है? हाथ ऊपर कीजिए."

निम्म्या लोकांनी हात वर केले. सर अजिबात खट्टू झाले नाहीत. "बाकी आधे शरमा रहे हैं," म्हणाले.

बाहेर पडताना त्यांनी मला थांबवलं. माझं हिंदीतलं 'धन्यवाद सर, अच्छा हुआ व्याख्यान' ऐकून त्यांनी मला ओळखलं होतं. "मराठी ना तुम्ही? मी ग्वाल्हेरचा. पुढच्या शनिवारी जरूर या हं. नाही आलात तर मी बुरा मानून घेईन."

आता एक म्हातारा माणूस दोन मिनीबस बदलून येतो आणि वर बुरा मानून घेईन म्हणतो, तर जायला नको का? मी गेले. फोरमनसाहेबही आले होते. त्या दिवशी सर कावळ्यावर बोलले, पुढच्या शनिवारी तलावाकाठच्या झाडांवरच्या वटवाघळांवर. वही उघडली की ते चिडायचे. "लिहू नका. लिहिलं की माणूस बघणं सोडून देतो." दर शनिवारी आल्या आल्या ते एकेकाला विचारायचे, आठवड्यात काय बघितलंत? पहिल्यांदा सगळे गप्प बसत. मग हळूहळू उत्तरं येऊ लागली. एका बाईंनी मुंग्यांना वाटाणा नेताना बघितलं होतं, तर फोरमनसाहेबांनी आपल्या स्कूटरच्या सीटवरून कावळ्यानं फोम उपटून नेताना. "घोंसले के लिए," ते म्हणाले. आवाजात राग होता, पण थोडा अभिमानही होता.

चौथ्या शनिवारी सरांनी एका डब्यात चिठ्ठ्या आणल्या. प्रत्येकानं एक उचलायची. चिठ्ठीत जो प्राणी निघेल तो मे महिन्यापर्यंत रोज बघायचा आणि शेवटच्या शनिवारी सगळ्या टाउनशिपसमोर त्यावर दहा मिनिटं बोलायचं. फोरमनसाहेबांना कावळाच निघाला. कारखान्याच्या कँटीनचे मॅनेजर आमच्यात होते, त्यांना माशी निघाली. ही चिठ्ठी मुद्दाम घातलीय, कँटीनची बदनामी आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली.

मी चिठ्ठी उघडली. 'छिपकली.'

पाल! मला पालीची इतकी भीती वाटायची, की न्हाणीघरात ती दिसली तर मी अंघोळ दुपारपर्यंत लांबवायची. मी सरळ सरांकडे गेले. "सर, मला दुसरं काहीही द्या."

"काय हो बाई, वाघ निघाला असता तर काय केलं असतं?"

"वाघ न्हाणीघरात येत नाही सर."

"म्हणूनच तर पाल सोपी," असं म्हणून सरांनी डब्याचं झाकण लावलं.

घरी आल्यावर हे भलतेच खूश झाले. तपासणी विभागाचा माणूस, त्यांना काहीही मोजायला मिळालं की आनंदच. त्यांनी लगेच फूटपट्टीनं एका रजिस्टरमध्ये रकाने आखून दिले. वेळ, स्थान, हालचाल, शेरा. सरांनी लिहू नका सांगितलंय, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "नोंद नाही तर तपासणी कसली?"

सासूबाईंनी मात्र नाक मुरडलं. "पालीकडे बघत बसायचं? पाल दिसली की आपण तोंड फिरवतो, तेवढी ओळख पुरे आहे."

पहिल्या संध्याकाळी मी बैठकीच्या एका टोकाला खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. मांडीवर झाडू. पाल दुसऱ्या टोकाला, ट्यूबलाइटपाशी. आमच्यात बारा फुटांचं अंतर, हे यांनी टेपनं मोजून लिहिलं. मी पालीकडे बघत होते आणि पाल, मला खात्री आहे, झाडूकडे बघत होती. सासूबाई आमच्याकडे पाठ करून जप करत बसल्या. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "आता कुठंय?"

"ट्यूबलाइटच्या मागं."

"मघाशी तर कॅलेंडरवर होती की."

मी वळून बघितलं. त्या जप करत होत्या. डोळे मिटलेले.

आठवडाभरात मी सहा फुटांवर आले आणि झाडू खाली ठेवला. सहा फुटांवरून पाल वेगळीच दिसते. तिला पापण्याच नसतात, म्हणून धूळ गेली की ती चक्क जिभेनं स्वतःचा डोळा चाटते. हे सरांनी सांगितलं होतं, पण प्रत्यक्ष बघितलं तेव्हा मी ओरडलेच, आणि ओरडण्यात भीती नव्हती हे माझं मलाच नंतर कळलं. आमच्या पालीची शेपटी पुढे पिवळट आणि मागे वेगळ्याच राखी रंगाची होती. पूर्वी कधीतरी तुटून पुन्हा आलेली. यांनी बॅटरी मारून ती नीट बघितली आणि शेऱ्यात लिहिलं, 'रिपेअर जॉब. ओरिजिनल नाही.'

ती मधूनच चुकचुकायची. मी काहीतरी बोलत असताना ती चुकचुकली की सासूबाई टेबलावर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणायच्या आणि मी बोलले ते खरं धरायच्या. एकदा हे म्हणाले की या महिन्यात मी एकदाही पत्ते खेळायला क्लबात गेलो नाही. पाल गप्प राहिली. सासूबाई बराच वेळ पालीकडे आणि मग यांच्याकडे बघत राहिल्या. हे उठून आत गेले.

एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सासूबाई जप सोडून उठल्या, ट्यूबलाइटखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "अगं, हिचे दिवस भरलेत."

खरंच होतं. तिच्या पातळ पिवळ्या पोटातून दोन पांढरी अंडी अगदी स्पष्ट दिसत होती. त्या दिवसापासून सासूबाईंचं धोरणच बदललं. बैठकीत लांब झाडू फिरवायचा नाही, दार आपटायचं नाही, रेडिओ हळू. "आई, ओटी भरायची का?" यांनी विचारलं. "तू तुझे रकाने भर," सासूबाई म्हणाल्या.

चार दिवसांनी पालीचं पोट सपाट झालेलं दिसलं. आम्ही तिघांनी बॅटरी घेऊन घर धुंडाळलं. दिव्याच्या बटणांचा लाकडी बोर्ड भिंतीपासून एका कोपऱ्यात जरा सुटला होता. त्या फटीत, साबुदाण्याचे फुगलेले दाणे असावेत तशी पण चांगली मोठी, दोन अंडी चिकटलेली होती. सासूबाईंनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला.

आणि त्याच आठवड्यात दारावर नोटीस लागली. आमच्या लायनीतल्या क्वार्टरांची पुताई, म्हणजे भिंतींना चुना मारायचं काम, पुढच्या गुरुवारपासून. बोर्ड खोलून, फटी बुजवून, सगळं साफ करून.

"बाळंतिणीच्या खोलीत चुना?" सासूबाई म्हणाल्या. "अर्ज कर."

हे म्हणाले की कारखान्यात माझी अब्रू जाईल. म्हणून अर्ज माझ्या नावानं झाला. हिंदीत असा अर्ज मी पहिल्यांदाच लिहीत होते. शनिवारी सरांना दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी काना-मात्रा दुरुस्त केल्या आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "विषय वर लिहा. सरकारी माणूस विषयाशिवाय वाचत नाही." मी वर लिहिलं, 'विषय : छिपकली के अंडे.' खाली, सविनय निवेदन है कि हमारे क्वार्टर की बैठक में एक छिपकली ने दो अंडे दिए हैं, जो व्याख्यानमाला के अध्ययन हेतु आवश्यक हैं, अतः पुताई बच्चे निकलने तक स्थगित की जाए.

सोमवारी अर्ज दिला आणि बुधवारी देखभाल विभागाचे ओव्हरसियर स्वतः सायकलवरून आले. गोल, घामाघूम माणूस, काखेत माझा अर्ज असलेली फाइल. एकच कागद, पण फाइल केलेली. त्यावर तीन जणांच्या सह्या झाल्या होत्या आणि कुणीतरी लाल शाईत विचारलं होतं, 'छिपकली किसकी है?'

"मॅडम, ये साहब ने पूछा है," ओव्हरसियर ओशाळून म्हणाले. "पालतू है क्या? पालतू जानवर की परमिशन अलग होती है."

"पालतू नहीं है. अपने आप आता है," मी म्हणाले.

"आती है," त्यांनी दुरुस्त केलं आणि फाइलवर लिहिलं, 'अपने आप आती है.'

मग त्यांनी अंडी बघायला मागितली. सासूबाईंनी बॅटरी धरली. ओव्हरसियर एक डोळा मिटून बराच वेळ फटीत बघत राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. मला वाटलं, अंड्यांमुळे. "मॅडम, ये तो बोर्ड के पीछे है! बोर्ड सिविल का नहीं, इलेक्ट्रिकल का है. मेरा केस ही नहीं बनता!"

दुपारी इलेक्ट्रिकलचा माणूस आला. त्यानंही बघितलं. बोर्ड आमचा, तो म्हणाला, पण अंडी बोर्डाला नाही, भिंतीला चिकटलीत. भिंत सिव्हिलची. संध्याकाळी दोघं एकत्र आले आणि आमच्या बैठकीत चहा पीत, अंडी नक्की कशाला चिकटली आहेत यावर अर्धा तास वाद घातला. शेवटी हे कारखान्यातून आले. त्यांनी बूटही न काढता पेन्सिल आणि फूटपट्टी घेतली आणि बोर्डाभोवती भिंतीवर एक चौकोन आखला. "एवढं सोडा. बाकी चुना मारा. बोर्ड खोलू नका." ही अब्रूची काळजी असलेल्या माणसाची सूचना. ओव्हरसियरना ती एवढी पसंत पडली, की त्यांनी तिथल्या तिथे फाइलवर लिहून टाकलं, 'एक वर्ग फुट छोड़कर पुताई की जाए', आणि दोघांनी खाली सह्या केल्या.

अशी आमची बैठक पांढरीशुभ्र झाली आणि मध्ये एक जुनाट, धुरकट चौकोन राहिला. येणारा प्रत्येक जण विचारायचा आणि सासूबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायच्या. पाल चुन्याच्या वासानं दोन दिवस गायब झाली, तर त्यांना जेवण गेलं नाही. ओव्हरसियर दर दोन-तीन दिवसांनी सायकल थांबवून खिडकीतून विचारायचे, "हुआ क्या?"

झालं ते अडतिसाव्या दिवशी, ऐन मे महिन्यात. सकाळी बघितलं तर एक कवच फुटलेलं आणि बोर्डावर काडेपेटीतल्या काडीएवढं पिल्लू, डोकं अंगाच्या मानानं मोठं, टकामका बघणारं. दुसरं दुपारी निघालं. त्या दिवशी घरात शिरा झाला. निमित्त काय, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. ओव्हरसियरनी दोन वाट्या खाल्ल्या.

मग आला तो शेवटचा शनिवार. कल्याण केंद्राचा हॉल खच्चून भरला होता, कारण कँटीनच्या मॅनेजरांनी, माशीचा कलंक पुसायला असेल, सगळ्यांना समोसे जाहीर केले होते. हे आले नाहीत. कारखान्यात तातडीची तपासणी निघाली म्हणाले. सासूबाई मात्र पहिल्या रांगेत, काठाची साडी नेसून, पर्समध्ये आमचं रजिस्टर घेऊन.

फोरमनसाहेब कावळ्यावर बोलता बोलता स्कूटरच्या सीटवर आले आणि तिथंच राहिले. मॅनेजरांनी माशी ही बाहेरून येते, कँटीनमध्ये जन्मत नाही, एवढंच दहा मिनिटं सिद्ध केलं. मग माझं नाव. हॉलमध्ये एक अजस्र कूलर घरघरत होता. तो चालू ठेवला तर माझा आवाज पोचत नव्हता आणि बंद केला तर लोक उठत होते. मी ओरडून बोलायला लागले. भीतीनं माझं हिंदी पार विस्कटलं. "छिपकली दीवार पर चलता है," मी म्हटलं. "चलती है," मागून दहा-बारा आवाज. पुढची पाच मिनिटं सबंध हॉल माझी क्रियापदं दुरुस्त करत होता, आणि त्या निमित्तानं लोक लक्ष देऊन ऐकत होते. "सैंतीसवें दिन," मी म्हणाले, तर पहिल्या रांगेतून मराठीत आलं, "अडतिसाव्या! सदतिसाव्याला मी उपास सोडला होता."

सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा होता. दुधात पडली तर? सरांनी शिकवलं होतं ते मी सांगितलं: आपल्या घरातली पाल विषारी नसते.

"तो दूध पी लें?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नहीं, फेंक दो. पता नहीं कहाँ-कहाँ चलके आता... आती है."

"मतलब जहरीली है," ते समाधानानं म्हणाले आणि बसले.

शेवटी सर उठले. व्याख्यान पुरे, आता प्रत्यक्ष बघा, असा त्यांचा बेत होता. हॉलच्या ट्यूबलाइटींमागे नेहमी आठ-दहा पाली असायच्या. मी आणि सरांनी दोन शनिवार आधीच मोजून ठेवल्या होत्या. सरांनी कूलर बंद करायला लावला आणि हात वर केला. "अब सब लोग ऊपर देखिए."

सगळ्यांनी वर बघितलं. भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत्या. एकही पाल नव्हती. मघापासून कसला वास येतोय ते मला तेव्हा कळलं. दाराजवळ उभे असलेले ओव्हरसियर आनंदानं पुढे आले. "सर, आपके प्रोग्राम के लिए मैंने स्पेशल पुताई करवा दी. कोना-कोना साफ!"

सरांनी वर केलेला हात खाली घेतला. ओव्हरसियरना काय झालं ते हळूहळू कळलं आणि त्यांचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात सासूबाई उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत हिंदी बोलल्या. "हमारे घर चलो. हमारे पास तीन है."

चाळीस-पन्नास माणसं हातात समोसे घेऊन निघाली. पुढे सर आणि सासूबाई, मागे मी, फोरमनसाहेब, मॅनेजर आणि बाकीची टाउनशिप. नुकतेच दिवे लागले होते. लायनीतल्या बायका दारात येऊन विचारत होत्या, काय झालं, कुणी गेलं का? आणि कळल्यावर त्याही चपला घालून सामील होत होत्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाईंनी ते ढकललं. आत हे बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, खुर्चीवर मांडी घालून, पोहे खात होते. तातडीची तपासणी आटोपली असावी. त्यांनी घास तसाच धरून ठेवला. लोक आत शिरत होते, शिरतच होते, आणि एकही जण यांच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या नजरा यांच्या डोक्यावर, भिंतीकडे. ओव्हरसियर पुढे होऊन तो चौकोन दाखवत सांगू लागले, "ये एक वर्ग फुट मैंने छुड़वाया."

मोठी पाल ट्यूबलाइटपाशी होती. एक पिल्लू बोर्डावर. सर हळू आवाजात बोलत होते आणि माणसं, खोलीत आणि खिडकीबाहेर, गप्प उभी होती. पिल्लानं एका चिलटावर झेप घेतली आणि ते चुकलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम 'अरेरे' केलं. दुसऱ्या खेपेला मिळालं. टाळ्या वाजल्या. हे पोह्यांची बशी मांडीवर लपवून अंग चोरून बसले होते. त्यांच्याकडे बघून सर एवढंच म्हणाले, "आपण हलू नका हं, पाल परेशान होईल."

पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या. मला झुरळ आलं. मी सरांना सांगितलं की बुरा माना किंवा काहीही माना, हे माझ्यानं होणार नाही. सर हसले आणि मला स्लाइड दाखवायच्या यंत्रावर बसवलं. ते काम मी पुढे चार वर्षं केलं. सासूबाईंनी मात्र रीतसर फॉर्म भरला. वय, पासष्ट. शिक्षण, मराठी तिसरी. त्यांना मुंग्या मिळाल्या. मग सकाळचा चहा मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून मिळू लागला. हे एका टोकाला घड्याळ घेऊन आणि सासूबाई दुसऱ्या टोकाला साखरेचा डबा घेऊन जमिनीवर बसलेले असायचे, आणि मी स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कुठवर पोचल्या?"